किलीफिशच्या अंड्यांचं पाकीट: वर्षभराच्या माशाला ५ पैकी ४ स्टार

आधी मार्क सांगून टाकतो, ५ पैकी ४. एक का कापला ते खाली येईलच, पण त्याआधी मला त्या लोकांशी भांडायचंय ज्यांनी ह्याच पाकिटाला एकेक स्टार देऊन "मासे वर्षभरात गेले, पैसे पाण्यात" असं लिहून ठेवलंय. अहो ते वर्षभरातच जाणार होते. नोथोब्रँकियस गुंथरी हा किलीफिश गटातला मासा (हौशी लोक नुसतं किली किंवा नोथो म्हणतात) टँकमध्ये कितीही लाड करा, साधारण वर्षभरच जगतो, आणि विकणाऱ्याने लिस्टिंगमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तेसुद्धा बारीक अक्षरात नाही तर वरतीच. ज्याला पाच-सात वर्षं तोच मासा बघायचाय त्याने मोठा टँक घेऊन गोल्डफिश पाळावा ना, कोण अडवतंय.

विकणारा एक हौशी ब्रीडर आहे, स्वतःच्या घरीच मासे वाढवतो आणि कुरिअरने अंडी पाठवतो, नाव मुद्दाम देत नाही कारण खाली थोडी तक्रारपण आहे. किंमत म्हणाल तर गप्पीच्या मानाने महाग आणि डिस्कस ह्या महागड्या माशाच्या मानाने काहीच नाही. आमच्या इथल्या ॲक्वेरियमवाल्याकडे किली मागितले की तो म्हणतो "साहेब कशाला, टिकत नाही तो माल", आणि त्याचंही बरोबर आहे, दुकानदाराला महिनाभर काचेत ठेवून विकायचा असतो आणि ह्या माशाचा महिना म्हणजे आयुष्याचा चांगला मोठा तुकडा झाला. म्हणून हा मासा दुकानापेक्षा अंड्यांच्या रूपातच जास्त फिरतो, पोस्टाने, कुरिअरने, जगभर.

तर पाकिटात काय येतं: झिपवाली छोटी प्लास्टिक पिशवी, तिच्यात ओलसर कोकोपीट, पाणी नाही, हाताने दाबलं तर थेंब पडणार नाही इतपतच ओल, आणि त्या भुशात मिसळलेली मिलिमीटरभराची अंडी. वर लेबल, त्यावर जातीचं नाव, अंडी काढल्याची तारीख आणि पाणी घालायची तारीख. ही दुसरी तारीख फार महत्त्वाची, गुंथरीची अंडी साधारण तीन महिने अशी भुशात ठेवावी लागतात, आधी पाणी घातलं तर आत काही तयारच नसतं. मी थोडा भुसा पांढऱ्या बशीत पसरून मोबाईलच्या टॉर्चखाली भिंगाने बघितला तर अंड्यात चक्क डोळे दिसत होते, काळी बुबुळं आणि भोवती सोनेरी कडा, पिल्लू आत गुंडाळी करून तयार बसलेलं आणि हलत मात्र नाही. माझ्या बायकोने ते बघितलं आणि मग दिवसभर त्या बशीला कोणाला हात लावू दिला नाही.

आता हे भुसा-प्रकरण का, तर हा मासा मूळचा झांझिबारचा. तिथे पावसाळे दोन, एक मार्च ते मे आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरच्या आसपास, आणि हे मासे राहतात पावसाने भरणाऱ्या उथळ डबक्यांत, जी पुढे आटतात. डबकं आटलं की मोठे मासे सगळे खलास, चिखलात राहतात ती फक्त अंडी, आणि त्यांच्यातला गर्भ वाढ थांबवून पडून राहतो. हे थांबणंही एका जागी नाही, तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबायची सोय आहे, कोणी पहिल्यावर अडकतं कोणी तिसऱ्यावर. सगळी अंडी एकदम उठत नाहीत आणि हा त्या माशाचा विमाच आहे, कारण पहिला पाऊस फसवा निघाला, डबकं भरलं आणि आठवड्यात आटलं तर निम्मी मेली तरी उरलेली चिखलात शाबूत. ग्राहक म्हणून ह्याचा फायदा असा की एकदा पाणी घालून पिल्लं काढल्यावर तोच भुसा पिळून परत पिशवीत भरून ठेवायचा, काही आठवड्यांनी परत पाणी, परत पिल्लं. एकाच पैशात दुसरा हप्ता, हे मला जाम आवडलं. "निम्मी अंडी फुटलीच नाहीत" म्हणून भुसा कुंडीत टाकणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.

पाणी घालताना गार घ्यायचं, उथळ ट्रेमध्ये, बोटभर. काही तासांत भुशावर बारीक शेपट्या वळवळायला लागतात. आणि मग जी भूक सुरू होते ती शेवटपर्यंत थांबत नाही. पहिल्याच दिवसापासून जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला बारीक कोळंबीसारखा जीव लागतो, नुकता अंड्यातून फुटलेला, दिवसातून दोनदा तरी, आणि खाल्लं की पोट नारिंगी दिसतं, ते नारिंगी दिसलं की समजायचं पिल्लू रांगेला लागलं. काही पिल्लांची हवेची पिशवी भरतच नाही, ती तळाला पोटावर घसरत राहतात, हॉबीवाले त्यांना बेली स्लायडर म्हणतात, अंडी जास्त दिवस ठेवली किंवा कमी, दोन्हीत होतात, माझ्यातही निघाली, त्यांचं पुढे काही होत नाही. महिना-दीड महिन्यात नरांच्या शेपटीला लाल रंग आणि अंगावर निळं-हिरवं चमकायला लागतं, म्हणजे जी पिल्लं परवा डोळ्याला दिसत नव्हती ती आता लग्नाला उभी.

ह्याच जातकुळीतला नोथोब्रँकियस फुर्झेरी तर ह्यापेक्षा पुढे गेलेला आहे. झिंबाब्वेच्या गोनारेझू भागातला आणि मोझांबिकचा हा मासा, २०१८ साली संशोधकांनी मोझांबिकच्या डबक्यांतले मासे तपासले तेव्हा अंड्यातून बाहेर आल्यावर जेमतेम १४-१५ दिवसांत तो प्रजननाला तयार झालेला सापडला, पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्यात इतकं लवकर वयात आलेलं दुसरं कोणी माहीत नाही. आणि कोरड्या भागातल्या फुर्झेरींचं आयुष्य ओल्या भागातल्यांपेक्षा कमी, प्रयोगशाळेत सारखं खायला-प्यायला दिलं तरी कमी, म्हणजे डबकं किती दिवस टिकतं त्याचा हिशोब रक्तातच उतरलाय. म्हातारं होण्यावर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये आता तो उंदरांच्या जोडीने वापरतात, साहजिकच, उंदीर म्हातारा व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि हा काही महिन्यांतच पाठ वाकवून बसतो.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे मला हे पाकीट का आवडलं. रंग आहेतच, पण खरी मजा वागण्यात आहे. माझ्याकडे शेजारच्या टँकमध्ये गोल्डन वंडर आहेत, हे नाव भारी वाटतं पण मूळचा मासा आपलाच, अप्लोकायलस लिनिएटस, आपल्या कोकणात आणि घाटातल्या ओढ्यांत, विहिरींत दिसतो तो, कपाळावर चमकता ठिपका असलेला, त्याचाच पिवळा वाण. हापण किलीफिशच. पण ह्याचं पाणी असं दरवर्षी ठरवून आटत नाही, अंडी पाणवनस्पतीच्या मुळांना चिकटवतो, ती दोनेक आठवड्यांत फुटतात, आणि मासा आरामात तीन-चार वर्षं जगतो. आणि त्याचं वागणं बघा: पाण्याच्या पृष्ठभागाखाली एकाच जागी तासन् तास थांबलेला, काचेजवळ हात नेला की पानाखाली सरकणार, खाणं टाकलं तरी आधी अंदाज घेणार, मग एकच झडप आणि परत जागेवर.

गुंथरीचं सगळं उलटं. झाकण उघडायच्या आधीच सगळे वर हजर, बोट बुडवलं तर बोटाला टोचून बघतात खायचं आहे का म्हणून. जाळं घातलं तर गोल्डन वंडर कोपरा गाठतात आणि हे जाळ्यातच शिरून बघतात. दोन नर समोरासमोर आले की सगळ्या फिन ताणून, गालफडं फुगवून, एकमेकांना बाजू दाखवत गोल फिरतात, मग चावाचावी, फिनच्या चिंध्या, आणि दोन मिनिटांत तोच फाटका नर मादीमागे. मीलन जवळून बघायला मिळणं ही ह्या पैशातली सगळ्यात मोठी वसुली. नर मादीच्या वर येतो, पाठीवरची फिन तिच्यावर पांघरुणासारखी टाकतो, दोघं तळाच्या भुशाला टेकतात, अंगाला नागमोडी वळण येतं, एक थरथर आणि एक अंडं, फक्त एक, भुशात गाडलं गेलं. क्षणभर सुटका आणि परत तेच. असं दिवसभर, सकाळी लाईट लागल्यापासून, रोजची वीस-तीस अंडी, आणि ही ड्युटी मरेपर्यंत.

हे बघितलं की डोक्यात पहिला विचार येतो तो सोपा असतो: ज्याला उद्या नाही तो आज घाबरणार कशाला. संशोधकांनीही हेच जरा नीट शब्दांत मांडलंय, २०१० च्या सुमारास ही कल्पना पुढे आली की आयुष्याचा वेग आणि स्वभाव हे जोडीने उत्क्रांत होतात, लवकर वयात येणारे, भराभर पिल्लं काढणारे, लवकर मरणारे प्राणी धीट, भांडखोर, नवीन जागेत बेधडक शिरणारे असणार आणि सावकाश जगणारे जपून असणार, कारण त्यांच्याकडे पुढे मिळणारी पिल्लं गमवायची भीती जास्त. ब्रीडरने पाकिटासोबत एक छापील कागद दिलाय त्यावरही हेच आहे, "जलद आयुष्य म्हणून डेअरिंगबाज मासा", एवढंच, जणू नियमच.

इथे माझी तक्रार. हा नियम म्हणून छापायला नको होता, कारण मासेच तो पाळत नाहीत. २०१८ मध्ये अशा अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहणी झाली, फक्त माशांचे नाही, सगळ्याच प्राण्यांचे, तेव्हा ह्या जोडीला एकूणात फारसा आधार मिळाला नाही. आणि किलींमध्येच एक आणखी गंमत निघाली. मेंदू हा महागडा अवयव, त्यामुळे घाईने वाढणाऱ्या माशाने त्यात काटकसर केली असणार असं कोणीही म्हणेल. स्वीडनमधल्या संशोधकांनी २१ जातींचे किली एकसारख्या परिस्थितीत वाढवून मोजले, तर पिल्लांमध्ये फरक नाही आणि मोठ्या माशांत मात्र अंगाच्या मानाने मेंदू घाईवाल्यांचाच मोठा. उलटंच निघालं सगळं. माझे गुंथरी जाळ्यात शिरतात तो मूर्खपणा असं मी म्हणायचो, आता जपून बोलतो.

आणि सगळ्यात मोठा पुरावा तर आपल्या महापालिकेच्या टाकीत पोहतोय, गप्पी! डासांच्या अळ्या खायला पालिकेचं आरोग्य खातं जो मासा फुकट देतं तोच. हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्येकडचा आणि त्रिनिदाद बेटाचा, आणि त्रिनिदादच्या नद्यांमध्ये त्याच्यावर जितका अभ्यास झालाय तितका क्वचितच कुठल्या माशावर झाला असेल. तिथे नद्या डोंगरातून धबधबे टाकत उतरतात, धबधब्याखाली मोठे शिकारी मासे, त्यातला पाईक सिक्लिड म्हणजे गप्पीचा काळच, मोठे गप्पी धरून गिळणारा, आणि धबधब्याच्या वर तो चढू शकत नाही, वर असतो फक्त रिवुलस, जो जमलं तर लहान गप्पी खातो. (हा रिवुलसही किलीफिशच बरं का.) खालचे गप्पी लवकर वयात येतात, लहान असतानाच, एका वेताला पिल्लं जास्त पण बारीक. वरचे सावकाश, मोठे होऊन, पिल्लं थोडी आणि धष्टपुष्ट. १९७६ मध्ये जॉन एंडलर ह्या संशोधकांनी अरिपो नदीत खालचे गप्पी उचलून वरच्या, गप्पी नसलेल्या भागात सोडले, आणि ११ वर्षांनी, म्हणजे गप्पींच्या ३० ते ६० पिढ्यांनी, डेव्हिड रेझनिक आणि मंडळींनी पाहिलं तर त्यांचे वंशज उशिरा वयात येणारे, मोठे, थोडी पण मोठी पिल्लं देणारे झाले होते. ११ वर्षांत! आपल्याकडे एवढ्यात एक उड्डाणपूल होत नाही.

आता ह्यात घाईवाले कोण, तर शिकाऱ्यासोबत राहणारे खालचे. मग त्या कागदाप्रमाणे ते एकांडे, बेफिकीर असायला हवे होते, बरोबर? पण ते तर घट्ट थवा करून राहतात, शिकारी लांब असतानाच हलतात, आणि त्याला तपासायला गेलेच तर एकटे न जाता जोडीने किंवा घोळक्याने, त्याच्या तोंडासमोरची जागा टाळून बाजूने, शेपटीकडून. धबधब्यावरचे सावकाश जगणारे मात्र विखरून, आपापले चरत फिरतात. लॅबमध्ये जन्मलेल्या, शिकारी कधी न बघितलेल्या पिल्लांतही थवा करण्याचा हा फरक टिकतो, म्हणजे नुसती शिकवण नाही. काही चाचण्यांत, नवीन जागेत आडोशातून आधी बाहेर यायच्या वगैरे, खालचे गप्पी जास्त धीटही निघालेत, म्हणजे तेच मासे एका बाबतीत धीट आणि दुसऱ्या बाबतीत महासावध.

माझं मत विचाराल तर घाई आहे हे बघून भागत नाही, घाई कशामुळे आहे ते बघायला पाहिजे. गुंथरीला मारणारी मुख्य गोष्ट म्हणजे आटणारं डबकं, आणि आटण्यापासून लपून, थवा करून, जपून काहीही वाचत नाही, तिथे उपयोग एकाच गोष्टीचा, पाणी आहे तोवर खा, वाढा, अंडी गाडा. बगळ्यासारखे पक्षी त्यांनाही खातात म्हणा, रंगीत नर जास्त मरतात म्हणून जंगली डबक्यांत पुढे पुढे माद्याच जास्त दिसतात, पण तो धोका टाळत बसलं तर डबकं थांबणार नाही. खालच्या गप्पीला मारणारं मात्र एक तोंड आहे, आणि तोंडापासून शहाणपणाने वाचता येतं, निदान आजचा दिवस. दोघांनाही मरण जवळचं, म्हणून दोघांचंही लवकर लग्न आणि लवकर पोरं, पण एकात भीतीचा फायदा आहे आणि दुसऱ्यात नाही. हे कागदावर चार ओळींत लिहिता आलं असतं.

बाकी तक्रारी पटापट. सूचनांचं मराठी गुगलकडून करून घेतल्यासारखं वाटतं, "अंड्यांना उबदार आदर द्या" असं एक वाक्य आहे त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. लिस्टिंगवरचा अंड्यांचा आकडा आणि पिशवीतली अंडी जुळत नव्हती, कमी होती, कळवल्यावर त्याने "पुढच्या ऑर्डरला जास्त टाकतो" म्हटलं, पैसे परत वगैरे काही नाही. खोका थर्माकोलचा नव्हता, साधा पुठ्ठा, उन्हाळ्यात हे चालणार नाही. आणि रोगाबद्दल एक अक्षर नाही, जे खरंच वाईट, कारण नोथोंना व्हेल्व्हेट नावाचा रोग पटकन होतो, अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसते आणि नवखा माणूस त्याला रंग समजून खूश होतो, तोवर टँक साफ. पाण्यात थोडं जाडं मीठ ठेवलं तर हा त्रास बराच कमी होतो, आयोडीन नसलेलं घ्या. ह्या सगळ्यासाठी एक स्टार कापला.

आणि पाकिटाची किंमत म्हणजे खर्च नव्हे हे पण लक्षात घ्या. आर्टेमियाची अंडी, ती फोडायला एअर पंप, स्पंज फिल्टर, नंतर ब्लडवर्म (लाल अळ्या), कारण कोरडं खाणं हे लोक सहज घेत नाहीत. टँक छोटा चालतो, पण नर एकच ठेवा किंवा मग बरेच ठेवा, दोन नर ठेवलेत तर एकाचे हाल. झाकण हवंच, किली उडी मारतो, फास्ट असो वा स्लो.

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत आणि माशाला नाव ठेवून लळा लागतो त्यांनी आधी विचार करा. ज्यांना चार दिवस गावाला जायचं असतं आणि मासे शेजाऱ्यांवर सोपवायचे असतात त्यांनी घेऊच नका. शाळेत बायोलॉजी शिकवणाऱ्यांनी मात्र जरूर घ्या, एका सहामाहीत अंडं, पिल्लू, वयात येणं, मारामारी, अंडी आणि म्हातारपणाची सुरुवात एवढं सगळं मुलांच्या डोळ्यांसमोर होतं, कुठला दुसरा मासा हे देणार. आणि कंटाळा आला, मासे जास्त झाले म्हणून ते विहिरीत किंवा तळ्यात सोडायचे नाहीत, कोणतेच, गप्पीसुद्धा नाही, गप्पी आधीच आपल्याकडे नको तिथे पोचलेत.

ऑर्डर द्यायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्या, देण्याआधी त्याच्याकडून डोळे दिसणाऱ्या अंड्यांचा फोटो मागवा, आणि लेबलवर अंडी काढल्याची तारीख नसेल तर पाकीट घेऊ नका.